कोणतंही चालतं

"तिला काय, कोणतंही फूल चालतं." एवढंच म्हणला दादा. परवा रात्रीपासून तेच वाक्य डोक्यात घुमायलंय.

पोळ्यासाठी दोन दिवस आला होता. पुरणपोळी जड झाली म्हणून गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या, तिथं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि म्हणला, बघू तरी काय करून ठेवलंयस. अकाउंट तसं त्याचंच आहे, मेल त्याचा. २०२० च्या सप्टेंबरात गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम आला आणि त्याच दिवाळीत, सगळं बंद असताना, आम्ही दोघांनी एकाच फोनवर सुरू केला, दिवसा तो आणि रात्री मी. मग तो पुण्याला गेला, नोकरी लागली, त्याचं सुटलं. माझं नाही सुटलं.

शियांगलिंग ही गेममधली आमची मारामारीवाली, तिच्या अंगावर एम्ब्लेम नावाच्या दागिन्यांच्या सेटचे तीनच पीस बघून तो रागावलाच. तीन पीसला काही अर्थ नसतो हे मलाही माहितीय. दोन घातले की एनर्जी रिचार्ज (बर्स्ट म्हणजे मोठा हल्ला, त्याची ताकद भरायचा वेग) २० टक्के वाढतो, तिसरा नुसता आपला असतो, आणि चौथा आला की खरा सेट लागतो, मग जेवढा रिचार्ज त्याच्या पाव हिश्शाएवढं बर्स्टचं डॅमेज वाढतं, ७५ टक्क्यांपर्यंत. चौथा पीस माझ्याकडं होता. एम्ब्लेमचं फूल (आम्ही फूलच म्हणतो, फ्लॉवर म्हणलं की आईला भाजी वाटते). पण ते मी बार्बराला घातलं होतं. मेडन बिलव्हेड या दुसऱ्या सेटचे चार पीस आणि पाचवं हे फूल.

"अगं बार्बरा हीलर आहे, बाकीच्यांचा जीव भरणारी, हीलिंगला क्रिट, म्हणजे जोराचा घाव, लागतच नाही. आणि फुलाचा मेन स्टॅट, मुख्य आकडा, कायम एचपीच म्हणजे जीवच असतो, पूर्ण वाढवून प्लस वीसला ४७८०, कोणत्याबी सेटचं घे. मग तिला काय, कोणतंही फूल चालतं." आणि काढलं की. लॉक लावलेलं होतं मी त्याला. पण लॉक असलं की फक्त दुसऱ्या पीसच्या अपग्रेडमध्ये चुकून खपत नाही तेवढंच, एकीच्या अंगावरनं काढून दुसरीला घालायला लॉक आडवं येत नाही.

त्याचं बरोबर आहे. हे मी परवापासून दहा वेळा स्वतःला सांगितलंय. काल शियांगलिंगला घेऊन मारामारी केली तर बॉस खरंच लवकर पडला, डोळ्यांना दिसण्याइतका लवकर. मग मला वाईट कशाचं वाटायलंय?

ते फूल कसं मिळालं हे त्याला माहीत नाही, म्हणून असेल. हे पीस जिथं मिळतात त्या डोमेनच्या एका फेरीला २० रेझिन, म्हणजे वेळेनं आपोआप भरणारी गेममधली ताकद, लागतं आणि एक रेझिन भरायला ८ मिनिटं, म्हणजे एका फेरीसाठी दोन तास चाळीस मिनिटं थांबायचं, आणि तिथं दोन सेट पडतात, त्यातला निम्मा माल नको असलेला. पेरणीपासून कापसाला फुलं लागेपर्यंत मी रोज जात होते. पडलं त्या रात्री लाईट गेलेली, फोन बारा टक्क्यांवर, आणि तरी मला सकाळपर्यंत धीर निघाला नाही. फूल वाढवत नेलं की दर चार लेव्हलला त्यातला एक आकडा वाढतो, पाच वेळा. पहिल्यांदा क्रिट रेट. दुसऱ्यांदा रिचार्ज. मग परत क्रिट, परत क्रिट, शेवटी रिचार्ज. क्रिट रेट १३.६, रिचार्ज १७.५. मी तोंडात ओढणीचा बोळा धरला नाहीतर आई उठली असती. आणि मग काही विचार न करता ते बार्बराला घातलं. विचार केला असता तर शियांगलिंगलाच घातलं असतं, एवढं कळतं मला.

पण सुरुवातीला आमच्याकडं हीलर म्हणून होतं कोण? फुकट मिळालेली ही एकटी. दुसरा हीलर बेनेट पुढच्या वर्षी आला. तोवर प्रत्येक मारामारीत सगळे आडवे पडायला आले की हिनेच सावरलंय. एकतरी वस्तू तिच्या अंगावर चांगली असावी, बाकी माझं काही म्हणणं नव्हतं.

लहानपणी मलापण असंच. सायकल दादाची झाली की माझी, दप्तर त्याचं, कंपास त्याचा. कुणी बळजबरी केली नाही, दुकानात विचारलं की मीच म्हणायचे, मला काय, कोणतंही चालतं. गुरुवारी पाहुणे येणारेत. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी केली, पळसाच्या पानाने दोन्ही बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणलं. दुसऱ्या दिवशी साज चढवायला बसले सगळे. गोंडे, मठाट्या, घुंगरमाळा जुन्याच, नवी झूल यंदा एकच आणलेली, आरसे लावलेली. काका म्हणले देवण्याला घाला, वेशीत तोच पुढं राहतो, लाल्याला कोणतीबी चालती. लाल्या आमचा लाल कंधारी, दोन वर्षं झाली त्याला औताला धरत नाहीत. आबा काहीच बोलले नाहीत. झूल उचलली, लाल्याच्या पाठीवर टाकली, पोटाखालून बंद घेतला, गाठ मारली, आणि एक आरसा दुमडला होता तो बोटाने सरळ केला. दादा तिथंच कासरा धरून उभा होता.

आज सकाळी त्याला स्टँडवर सोडून आले आणि बार्बरा उघडून बघितली. त्याने तिला जे फूल लावलं होतं ते प्लस झिरोचं होतं. ७१७ एचपी. ४७८० च्या जागी ७१७, आणि तिचं सगळं हीलिंग एचपीवरच तर असतं. सारखंच असतं म्हणला होता ना, मग सारखं करून तरी द्यायचं होतं. इथं मला रडूच आलं, खरं सांगते. फूल नेल्याचं एवढं नाही लागलं जेवढं हे लागलं, की कोणतंही चालतं म्हणून लावलं आणि परत वळून बघितलंसुद्धा नाही.

दुपारभर फुगून होते. फोन लावावा वाटला, लावला नाही, एवढ्यात जालन्याच्या पुढं गेला असेल आणि आपण काय बोलणार, फुलाबद्दल?

संध्याकाळी भाकरी झाल्यावर बसले. बिनकामाचे सगळे पीस घातले आणि तेच फूल वाढवत नेलं. पहिल्यांदा डिफेन्स. परत डिफेन्स. मग एचपी, तिला बरं. मग परत डिफेन्स, आणि शेवटी पुन्हा एचपी. प्लस वीस. ४७८०, वर थोडं जास्तच. तिच्या अंगावर ठेवलं आणि लॉक लावलं. आता कुणी बघितलं तर यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण हे काढून न्यायलाही कुणी येणार नाही, आणि हीलिंग पहिल्यापेक्षा वीसतीसने का होईना जास्त व्हायलंय. मला एकदम हलकं वाटलं.

शियांगलिंगचं परत घेणार नाही. तिला ते शोभतंय, चार पीसचं नाव हिरव्या अक्षरात आलेलं बघून मलाच छान वाटलं. रात्री साडेअकरापर्यंत वीस रेझिन भरतंय, लाईट राहिली तर एक फेरी मारून मग झोपते.