नकाशाने पाखाडीत घातलं: पुणे – हरिहरेश्वर – आंजर्ले – गुहागर, गाडीने

केळशीहून किनाऱ्याच्या रस्त्याने आंजर्ल्याला निघालात तर मधे एका ठिकाणी फोनमधला नकाशा उजवीकडे, खाली वाडीत वळायला सांगेल. वळू नका. चारचाकी असेल तर अजिबात नाही. नकाशावर तिथे इतर गावरस्त्यांसारखीच पांढरी रेघ आहे, वर "सहा मिनिटं वाचतील" अशी लालूच आहे, आणि प्रत्यक्षात ती पाखाडी, म्हणजे वाडीत उतरणारी पायऱ्यांची पायवाट, आहे. सुरुवातीचा तुकडा सिमेंटचा आणि पुढे थेट जांभ्याच्या पायऱ्या. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुरेसा ताप झालेला आहे.

हा वृत्तांत लिहितोय तो मुख्यतः या एका तुकड्यासाठी. घाट चालवायची सवय आहे, स्टेपनी बदलता येते, गाडीत दोर आणि टॉर्च असतो, असं गृहीत धरतो. गाडी साधी हॅचबॅक, पेट्रोल, ग्राउंड क्लिअरन्स बेताचा. निघतानाच ठरवलं होतं की या वेळी पूर्ण वाट नकाशांच्या भरवशावर करायची आणि वेगवेगळे नकाशे ताडून बघायचे. बायकोच्या फोनवर एक, माझ्या फोनवर एक, आणि तिसरा बिननेटचा, आधीच उतरवून घेतलेला.

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव इथपर्यंत नकाशाची गरजच नाही. माणगावात मुंबई-गोवा महामार्गाच्या कोंडीचा अंदाज मात्र तिन्हीपैकी नेट असलेल्या नकाशांनी चोख दिला, त्याचं श्रेय देतो. महामार्गावर शेकडो फोन एकाच वेळी सरकत असतात, त्यांच्या वेगावरूनच हा लाल-पिवळा रंग ठरतो. माणगाव सोडून म्हसळ्याच्या दिशेला वळलं की फोन विरळ होतात, आणि तिथून पुढे नकाशा जो वेळ सांगतो तो निव्वळ अंदाज असतो. म्हसळा ते हरिहरेश्वर त्याने दाखवला त्याच्या दीडपट वेळ लागला आणि आम्ही कुठेही थांबलो नव्हतो. हा दीडपटीचा हिशेब पुढे सगळीकडे लागू पडला, तो लक्षात ठेवा.

हरिहरेश्वर छान आहे. मुक्काम झाला, जेवण चांगलं मिळालं. पुढे.

बागमांडला-वेश्वी फेरीबोट. सावित्रीच्या मुखाशी ही खाडी ओलांडायची असते. रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो, त्यामुळे घाटावरच्या माणसाला वाटतं की गाडी चालवत सुटायचं. तसं नाही. काही मोठ्या खाड्यांवर अजून फेरीबोटीनेच पलीकडे जावं लागतं, आणि नकाशा ती बोट रस्त्याचाच एक तुकडा म्हणून मोजतो. पाण्यावरची पंधरा-वीस मिनिटं धरतो, जेटीवरची रांग धरत नाही. आम्ही सुट्टीच्या सकाळी पोचलो तेव्हा रांग वळणापर्यंत आली होती आणि दोन बोटी आमच्या डोळ्यांसमोर भरून गेल्या. नकाशात "फेरी टाळा" अशी सोय असते, ती एकदा चालू करून बघा म्हणजे आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मंडणगडमार्गे केवढा वळसा पडतो ते कळेल. शनिवार-रविवारी तो वळसासुद्धा विचारात घ्यावा असा आहे. ओहोटीच्या वेळी जेटीचा उतार तीव्र होतो, खालचा भाग शेवाळलेला असतो, आणि बोटीच्या फळीवर चढताना पुढचा बंपर घासतो. तिरकं चढवा, बोटीवरचे लोक हाताने दाखवतात तसंच करा.

वेश्वी ते केळशी ठीक. अरुंद आहे, पण एसटी जाते. हे वाक्य मनात ठेवा, त्यावर पुढे येतो.

आता तो तुकडा. उटंबरचा डोंगर मागे टाकला होता, ऊन चढलेलं, मोबाइलची रेंज गेलेली. रेंज नसली तरी फोनला आपली जागा कळते, कारण ती उपग्रहांवरून येते. म्हणून निळा ठिपका व्यवस्थित सरकत होता आणि शंका यायचं कारण नव्हतं. फाट्यावर पाटी नाही. नकाशातल्या बाईने शांत आवाजात सांगितलं, उजवीकडे वळा. वळलो. पहिले शंभर मीटर सिमेंट, ताजं म्हणावं इतकं चांगलं. मग दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, जवळ यायला लागले. आरसे मिटून घेतले. उतार इतका की ब्रेकवर पाय ठेवूनही चाक सरकत होतं, खाली काजूचा पाला. डावीकडे एक फणस गडग्यावर रेललेला, त्याच्या बुंध्याला गाड्यांचे रंग लागलेले होते. पांढरा, लाल, निळा. तो बुंधा बघितला आणि पोटात गोळा आला, कारण त्याचा अर्थ स्पष्ट होता. आमच्या आधी इथे बरेच जण येऊन अडकले आहेत.

बायको उतरून पुढे चालत गेली आणि वळणावरून तिने दोन्ही हात हलवले. पायऱ्या. रुंद, झिजलेल्या, जांभ्याच्या, थेट खालच्या देवळापर्यंत. नकाशात मात्र रेघ तशीच पुढे जाऊन मोठ्या रस्त्याला मिळत होती.

मागे जाणं हा एकच मार्ग. गाडी रिव्हर्समध्ये, चढावर, दोन्ही बाजूंना वीतभर जागा, आणि मधे एक वळण. हँडब्रेकवर धरून अर्ध्या क्लचने जेमतेम चाळीस पावलं मागे आलो असू, तेवढ्यात क्लच प्लेटचा जळका वास सुटला. थांबलो. असं झालं तर थांबाच. जिद्दीला पेटून क्लच जाळलात तर पुढचं गॅरेज दापोलीला आहे.

वरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. "नकाशा बघून आलात ना? सगळे हितंच येतात. परवा मुंबईची गाडी होती." त्यांनी पाणी दिलं, नातवाला हाक मारली. तो आणि आणखी दोघं मुलगे आले, दगड आणून चाकामागे लावत लावत आणखी थोडं मागे घेतलं. वळणावर मात्र माणसांच्या जोराने भागेना.

मग पिकअपवाला आला. कुणी बोलावला ते कळलं नाही. त्याने खाली वाकून गाडी बघितली आणि टोचनचे, म्हणजे दोराने ओढून नेण्याचे, चार हजार सांगितले. अंतर? वरच्या फाट्यापर्यंत, दोनशे मीटरसुद्धा नाही. मी दोर आमचा आहे म्हटलं, तो म्हणाला मग साडेतीन. शेवटी अडीच हजारांवर तुटलं. हे पैसे रास्त नाहीत आणि मला ते आजही खुपतात. ज्या मुलांनी तासभर अंगमेहनत केली त्यांनी एक रुपया घेतला नाही, खाऊचे पैसे देऊ केले तर आजींनी रागावून परत केले. म्हणून सांगतो, टोचनची वेळ आलीच तर दोर बांधायच्या आधी भाव ठरवा, किती अंतर ते बोलून घ्या, आणि आधी गावातल्या पोरांना विचारा. वाडीत कुणाचा तरी ट्रॅक्टर असतोच. आणि दोर पुढच्या किंवा मागच्या टोचनच्या हुकालाच बांधा. पिकअपवाला आमच्या ॲक्सलला गुंडाळायला निघाला होता. नव्या गाड्यांत हा हुक वेगळा मिळतो, स्टेपनीच्या खणात असतो आणि बंपरच्या झाकणामागे पिळून बसवावा लागतो. निघायच्या आधी तो आहे का ते बघा.

हे असं का होतं, याचा मी नंतर मुक्कामावर बसून नीट विचार केला. दिशा सांगणारा नकाशा म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघेला एक वेळ चिकटवलेला, आणि त्यातून कमीत कमी बेरजेची वाट काढायची. ही गणिती रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, आजच्या नकाशांचा पाया तोच, सुधारणा अनेक. रीत पक्की आहे. पण रेघच चुकीची असेल, पाखाडीला कुणी "रस्ता" म्हणून नोंदवलं असेल, तर गणित ती पाखाडीच मोठ्या खात्रीने निवडणार, कारण ती अंतराने खरोखर जवळची आहे. उपग्रहाच्या चित्रावर पडताळावं म्हटलं तर कोकणात तेही चालत नाही. वरून फक्त आंबा, काजू, माड दिसतात, खाली रस्ता आहे की पायऱ्या ते झाडोऱ्यात लपतं. मी तो फाटा चित्रात मोठा करून पाहिला. नुसतं हिरवं.

बिननेटच्या नकाशाने मात्र इथे लाज राखली. तो ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतो. २००४ मध्ये सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा नकाशा, त्यात रस्ता, कच्ची वाट, पायवाट, पायऱ्या यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात आणि चित्रातही वेगळ्या रेघांनी दिसतात. त्या फाट्यावर त्यात तुटक रेघ होती. त्यावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स मी वापरलं, उंचीच्या रेषाही दिसतात, म्हणजे उतार किती ते आधी कळतं. ज्या भागात कुणी नोंदच केली नाही तिथे तो कोरा राहतो, हेही सांगून ठेवतो. पण कोऱ्या जागेने माणूस सावध होतो.

माझा निकाल असा. एका नकाशावर कोकणात चारचाकी घालू नये. नेटवाला कोंडीसाठी, बिननेटवाला रस्त्याची जात बघायला. दोन्ही एकच वाट दाखवत असतील तर जा. वेगळी दाखवत असतील तर माणसाला विचारा, आणि प्रश्न नेमका विचारा. "रस्ता जातो का?" विचारलंत तर "जातो की" असंच उत्तर येईल, कारण त्यांची दुचाकी जाते, पायी तर सगळेच जातात. "इथून एसटी जाते का?" असं विचारा. एसटी जात असेल तर तुमची गाडी जाणारच. या प्रश्नाने आम्हाला पुढे दोनदा वाचवलं.

पूर्ण वाट एकदम टाकू नका. पुणे ते आंजर्ले असं न टाकता माणगाव, म्हसळा, बागमांडला जेटी, वेश्वी जेटी, केळशी, आंजर्ले असे थांबे घालून टाका. मधल्या शहाणपणाला वाव कमी राहतो. "सहा मिनिटं वाचतील" अशी पट्टी वर आली की ती लगेच बंद करा, कारण काही नकाशांत दुर्लक्ष केलं तर नवी वाट आपोआप लागू होते. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष समोर असतं, त्याला ते कळतही नाही.

नावांचाही घोळ आहे. कोकणात मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, आणि एक दापोलीचं, हर्णैजवळ. नुसतं "मुरुड बीच" टाकलं तर भलत्याच जिल्ह्यात पोचाल. खेडचंही तेच, रत्नागिरीतलं खेड वेगळं, पुणे जिल्ह्यातलं वेगळं. तालुका बघूनच बोट दाबा. घरगुती मुक्काम घेतलात तर मालकाने पाठवलेलं लोकेशन तो ते पाठवताना जिथे बसलेला असतो तिथलं असू शकतं. आमच्या मालकांनी मासळीबाजारातून पाठवलं होतं आणि आम्ही हर्णै बंदरावर लिलावाच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो. "घराच्या फाटकापाशी उभं राहून पाठवा" असं स्पष्ट सांगा.

पावसाळ्यात किंवा रात्री हे सगळं दुप्पट गंभीर होतं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात नकाशावर विसंबून जाणारी गाडी धरणाच्या पाण्यात गेली आणि एक जण बुडाला. पाऊससुद्धा नव्हता, धरणाच्या फुगवट्याने रस्ता पाण्याखाली होता इतकंच. नकाशात तो कोरडा असणार. वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन वरचेवर बंद ठेवतं, ते नकाशात उमटेलच असं नाही. बातमी वाचा, भोरला किंवा महाडला फोन करून विचारा.

त्या पाखाडीची चूक मी नकाशावाल्यांना कळवली आहे. तुम्हीही कळवा, आणि कळवताना "रस्ता नाही" हा पर्याय न निवडता "वाहनांना बंद" निवडा, सोबत पायऱ्यांचा फोटो जोडा. वाट तर आहेच, लोक चालतात, त्यामुळे पहिली तक्रार फेटाळली जाण्याची शक्यता जास्त.

आंजर्ले, हर्णै, दापोली, मग दाभोळ-धोपावे फेरीबोट. इथली रांग आटोपशीर होती, शिस्तही चांगली. बोट चुकली किंवा बंद असली तर गुहागरला जायला खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा फेरा पडतो, म्हणून शेवटची बोट किती वाजता ते त्याच दिवशी विचारून निघा, नकाशातली वेळ धरू नका. गुहागरचे दिवस आरामात गेले.

परतीला चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज. कुंभार्लीत अवजड वाहनं भरपूर, उजेडात चढा. उंब्रजला हमरस्ता लागला की नकाशाचं ऐकायला हरकत नाही, फक्त एक अपवाद. रविवारी संध्याकाळी खंबाटकीच्या अलीकडे रांग लागली की तो वाईवरून मांढरदेवी-भोरमार्गे जायला सुचवतो. त्याच वेळी तो मागच्या-पुढच्या सगळ्या गाड्यांनाही तेच सुचवत असतो. आम्ही हमरस्त्यावरच राहिलो, पाऊण तासात बोगदा पार झाला. मांढरदेवीवरून गेलेल्या ओळखीच्यांचा फोन आला तेव्हा आम्ही कात्रजला पोचलो होतो, आणि ते अजून भोरच्या अलीकडे घाटात एका बसच्या मागे उभे होते.