शिलिंगच्या जाडीएवढी चूक

परवा एक पोरगा जुन्या बाइकचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, घेऊन आला, गाडी धूर मारतीय, ऑइल खातीय, पिकअप पार गेलाय. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोजायचा गेज आत सोडला तर काटा एकीकडं एक दाखवतोय आणि जरा फिरवला की दुसरंच, म्हणजे बोअर ओव्हल झालेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं हेच काम, बोअरिंग आणि होनिंग, म्हणजे भोक गोल कापायचं आणि आतून घासून नीट करायचं, वीस वर्षं झाली. मशीनवर ब्लॉक चढवून सेंटर काढत होतो तर पोरगं म्हणालं, काका, एवढंसं वाकडं झालं तर काय फरक पडतोय? अरे बाबा, ह्याच "एवढंशा" पायी जेम्स वॉट वर्षानुवर्षं अडकून पडला होता.

शाळेत आपल्याला किटलीच्या झाकणाची गोष्ट सांगतात. पण वाफेचं इंजिन वॉटच्या आधीपासूनच होतं, न्यूकोमेन नावाच्या इंग्रजाचं, १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसायला. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, आतच गार पाणी मारून ती आटवायची, पोकळी झाली की बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबणार. दर स्ट्रोकला अख्खा सिलिंडर तापवा आणि परत गार करा, कोळसा किती जात असेल बघा. वॉटनं वाफ गार करायला वेगळं भांडं लावलं, म्हणजे कंडेन्सर, पेटंट १७६९ चं. कागदावर सगळं बरोबर होतं, पण गोल सिलिंडर कुणाला करताच येईना! न्यूकोमेनच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर पाणी ठेवून फट झाकायचे, वॉटला सिलिंडर गरमच ठेवायचा होता म्हणून तेही चालेना, कापड कोंबून बघितलं, टोपीचं फेल्ट लावून बघितलं, वाफ निघून जायची ती जायचीच.

सुटका केली ती विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्यानं. १७७५ च्या सुमारास त्यानं बोअरिंगचा बार सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला, बस्स एवढंच. आमच्या लाइनमधल्या माणसाला हे लगेच कळेल, बार एकाच बाजूनं धरला की लांब गेल्यावर वजनानं झुकतो आणि बोअर वाकडा जातो. शिकाऊ होतो तेव्हा माझ्याकडून असाच एक बोअर गेला होता, मिस्त्रींनी काही न बोलता माझं बोट आत फिरवायला लावलं, ती पायरी अजून बोटाला आठवतीय. तर वॉटचा पार्टनर बोल्टननं लिहून ठेवलंय की विल्किन्सननं केलेल्या ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या, म्हणजे इंग्रजी नाण्याच्या, जाडीएवढीही चूक नव्हती. आज तेवढी चूक केली तर गिऱ्हाईक ब्लॉक तोंडावर मारेल, पण त्या दिवसापासून वाफ खऱ्या अर्थानं कामाला लागली असं मला मनापासून वाटतं.

वॉटला जास्त प्रेशरची भीती वाटायची. १८०० साली त्याचं पेटंट संपलं आणि ट्रेविथिक नावाचा इंजिनिअर मोकळा सुटला, जास्त प्रेशर म्हणजे इंजिन लहान, आणि लहान म्हणजे चाकावर बसवता येतं. १८०१ च्या नाताळात त्यानं रस्त्यावर वाफेची गाडी चालवली, पुढं काही दिवसांतच ती बिघडली, जाळ तसाच ठेवून मंडळी जेवायला गेली, पाणी आटलं आणि गाडी जळून गेली. १८०४ ला वेल्समध्ये त्याच्याच इंजिननं १० टन लोखंड आणि ७० माणसं रुळावरून ओढली, पण बिडाचे रूळच तुटायला लागले. बॉयलरला शिशाचा प्लगही त्यानंच लावला, पाणी कमी झालं की शिसं वितळणार आणि वाफ मोकळी होणार. घरच्या कुकरच्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतोय ना, त्याची युक्ती हीच. मग १८२९ चं स्टीफन्सनचं रॉकेट नावाचं रेल्वे इंजिन, बॉयलरमध्ये २५ तांब्याच्या नळ्या, आणि १८९१ ला मिरजेहून आपल्या कोल्हापुरात रेल्वे आली ती वाफेवरच.

आता माझ्या रोजच्या हातातली गोष्ट, पिस्टन रिंग. आधी पिस्टनला तागाची दोरी चरबी लावून गुंडाळायचे, ती सारखी झिजायची, सारखी आवळायला लागायची. १८५२ च्या सुमारास रॅम्सबॉटम नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं एका जागी चिरलेली धातूची रिंग आणली, स्वतःच्या ताणानं ती बोअरला चिकटून बसते. वाफेच्या इंजिनासाठी केलेली ही रिंग आज पोराच्या बाइकमध्ये आहे, ट्रॅक्टरमध्ये आहे, शेतातल्या डिझेल इंजिनमध्ये आहे. वाफेच्या मोटारीही काही कमी नव्हत्या हां, १९०६ ला स्टॅन्लेच्या वाफेच्या गाडीनं ताशी २०५ किलोमीटर गाठले होते, गिअरबॉक्स नाही की क्लच नाही, वाफ थांबलेल्या पिस्टनवरही तेवढाच जोर लावते. पण सकाळी वाफ व्हायची वाट बघत बसायला लागायचं, आणि १९१२ ला पेट्रोल गाडीला बटन स्टार्टर आल्यावर कोण थांबणार. पेट्रोलनं वाफेला घराबाहेर काढलं खरं, पण सिलिंडर, पिस्टन, रिंग, क्रँक, सगळं सामान तिचंच वापरलं.

हे बोलता बोलता होनिंग झालं. नवी रिंग बोअरमध्ये सोडली, पिस्टननं सरळ ढकलली, तोंडातली गॅप फिलरनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, बघितली, मग पोराच्या हातात देऊन म्हटलं दाब, दाबून सोड. दोन-तीनदा केलं त्यानं. जाताना एवढंच सांगितलं, पहिले पाचशे किलोमीटर गाडी ताणू नको, ऑइल वेळेवर बदल, आणि तोपर्यंत ज्योतिबाच्या चढाला डबल सीट अजिबात न्यायची नाही.