चाळीस बाटल्या आणि मधली अंतरं

चेहऱ्याला एकसारखा रंग देणाऱ्या फाउंडेशनच्या जाहिरातीत हल्ली आधी आकडा येतो. चाळीस शेड्स, पन्नास शेड्स! ऐकणाऱ्याला वाटतं, चला, जगातल्या सगळ्या चेहऱ्यांची सोय झाली. मला मात्र आकडा सोडून बाटल्यांमधली अंतरं बघायची खोड लागली आहे. रांग गोऱ्या टोकाकडून बघत निघावं. तिथे पहिली बाटली आणि तिच्या शेजारची, यांतला फरक शोधायला चष्मा पुसावा लागतो. सावळ्या रंगापाशी पोचलं, की मधल्या पायऱ्याच गळालेल्या जिन्यासारखी गत होते. एक बाटली अंमळ फिकी, पुढची थेट दोन घरं गडद. ज्यांचा रंग नेमका मध्ये पडतो, त्यांनी दोन्ही विकत घ्यायच्या आणि हाताच्या पाठीवर मिसळत बसायचं.

गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या कंपनीने २०१७ च्या सप्टेंबरात एकदम ४० शेड्स आणल्या, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. तो रास्तच होता. इतर कंपन्यांना आपापल्या रांगा लांबवाव्या लागल्या. पण सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी मेकअप तेव्हाच पहिल्यांदा बनला असं नाही. अमेरिकेत काळ्या त्वचेसाठीचं फॅशन फेअर १९७३ मध्ये सुरू झालं, मॉडेल इमानची सौंदर्यप्रसाधनं १९९४ मध्ये आली. म्हणजे गिऱ्हाईक होतंच, इतरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

रांग लांबवली तरी खरी मेख अंडरटोनमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या झाकेत असते. तिघींचा रंग सारखाच गडद, पण एकीच्या त्वचेत पिवळसर झाक, दुसरीच्या लालसर, तिसरीच्या चक्क हिरवट. बाटलीतला रंग बनतो मुख्यतः चार गोष्टींतून: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. फिक्या शेडमध्ये काळा वाढवला की गडद शेड तयार, असा हिशेब केला तर तळाशी पांढरा राहतोच, आणि गालावर उमटते ती राख. ती राख झाकायला लाल वाढवला की चेहरा विटकरी. जबड्याच्या कडेला शेजारीशेजारी तीन पट्टे ओढून दिवसाच्या उजेडात बघा: एक राखाडी, एक विटकरी आणि एखादा असा, की तो कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते ते कळत नाही. तोच आपला. तरी लगेच हुरळून जाऊ नये. सुकल्यावर बऱ्याच फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो, तेवढा वेळ थांबावं.

मनगटावरच्या शिरा बघून अंडरटोन ओळखायचा सल्ला सगळीकडे मिळतो. शिरा निळ्या तर कूल म्हणजे गुलाबीसर, हिरव्या तर वॉर्म म्हणजे पिवळसर. गडद त्वचेत मुळात शिरा धड दिसतच नाहीत, हे सांगायचं राहून जातं. त्यात प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. बहुतेक ठिकाणी सी म्हणजे गुलाबीसर कूल, पण मॅक या कंपनीकडे एनसी ही अक्षरं सोनेरी-पिवळसर चेहऱ्यांसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर चेहऱ्यांसाठी. एका कंपनीचा नंबर पाठ करून दुसरीकडे मागितला, तर फजिती ठरलेली.

डॉक्टरांची फिट्झपॅट्रिक मोजपट्टीही इथे फारशी उपयोगाची नाही. १९७५ ची ती पट्टी कातडी उन्हात किती भाजते आणि किती रापते हे बघायला केलेली, आणि सुरुवातीला फक्त गोऱ्या त्वचेपुरती. गडद प्रकार तिला मागाहून जोडले गेले.

शिवाय चेहरा एकरंगी कुठे असतो? सावळ्या चेहऱ्यावर कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग अनेकदा गडद, गाल उजळ. यातला ‘आपला’ रंग कोणता? मी मानेकडे बघते. मान खोटं बोलत नाही.

डाग झाकणाऱ्या कन्सीलरचं दुखणं तर आणखी. त्याची रांग बहुधा फाउंडेशनपेक्षा आखूड, आणि गडद बाईला तर त्यातून दोन लागणार: डागासाठी तंतोतंत त्वचेच्या रंगाचा, डोळ्यांखाली जरासा उजळ. डोळ्यांखालच्या निळसर-तपकिरी वर्तुळांवर उजळ कन्सीलर थेट थापला की पुन्हा तीच राख. आधी खाली केशरी करेक्टर लावावा लागतो, कारण केशरी निळ्याला मारतो. गोऱ्या चेहऱ्याचं काम फिकट पीचवर भागतं. गडद चेहऱ्याला लालीकडे झुकणारा केशरी हवा, आणि दुकानात हमखास पीचच पुढे केला जातो.

हल्ली रंग जुळवायचे थेंब वेगळे मिळतात. पांढरा थेंब, काळा थेंब, पिवळा, आणि केशरी पडणाऱ्या फाउंडेशनला ताळ्यावर आणणारा निळा. निळा थेंब फारच गुणी. दोन टाकले की विटकरीपणा जातो. फक्त तो थेंब कारखान्यातच पडला असता तर बरं झालं असतं. आता बाटलीचे पैसे वेगळे, थेंबाचे वेगळे, आणि ढवळायची मजुरी आपली.