तुम्ही विचारलंत म्हणून: मऊ गादी घातली की झालं ना?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक मुलगा असतो किंवा सून. वडिलांना पंधरा वर्षांचा मधुमेह असतो. तळव्याला पूर्वी मुंग्या यायच्या, त्याही आता येत नाहीत. चवड्याखाली एक जखम होऊन कशीबशी भरलेली असते, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'कस्टम इनसोल', म्हणजे पायाच्या मापाने केलेला चपलेचा-बुटाचा आतला तळ, असं लिहून माझ्याकडे पाठवलेलं असतं. मी पायाचा ठसा घेते, आठ दिवसांनी फिटिंगला बोलावते, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. तिसऱ्या खेपेला प्रश्न येतो, "मॅडम, दुकानात जेलचे इनसोल मिळतात, मेमरी फोमचे मिळतात. पायाप्रमाणे आपोआप दबतात म्हणे. मऊ गादी घातली की झालं ना? एवढ्या चकरा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गावाहून यायचं म्हणजे गाडीभाडं आलं, कोणाची तरी रजा आली. फिटिंगच्या गर्दीत मी घाईघाईने काहीतरी सांगते आणि ते पटलेलं नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून इथे सावकाश लिहिते.

आधी चांगल्या पायाचं पाहू. माझे आजोबा कोल्हापुरी पायताण बांधायचे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा कुठेच नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. नवं पायताण लाकडासारखं ताठ. गिऱ्हाइकाला ते बजावायचे, तेल लाव आणि पहिले आठ दिवस थोडं थोडं घाल. त्या आठ दिवसांत घाम, ऊब आणि वजन यांनी कातडं दबायचं. अंगठ्याचा खळगा पडायचा, टाचेची वाटी तयार व्हायची. महिन्याभराने ते पायताण दुसऱ्या कोणाच्या पायात बसायचं नाही. पायाला जुळवून घेणारा इनसोल म्हणाल तर मी पाहिलेला पहिला तोच.

पण त्या आठ दिवसांत पायही काहीतरी करत असतो. पायताण चावलं की आपण पाऊल जरा तिरपं टाकतो, बोटं आखडतो, अर्ध्या वाटेत काढून हातात घेतो. यातलं काही ठरवून होत नाही. जुळवून घेण्याचा मोठा वाटा पाय उचलतो, आणि तो उचलायला त्याला दुखणं भाग पाडतं.

आता माझ्याकडे येणाऱ्या पायाचं. माझ्या टेबलावर नायलॉनचा एक जाडसर तंतू असतो. तो तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर लागल्यावर वाकतो. मी म्हणते, "काका, डोळे मिटा. कळलं की हो म्हणा." अंगठ्याखाली टेकवते, चवड्याखाली टेकवते. काका डोळे मिटून वाट बघत बसलेले असतात, कधी टेकवणार म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला तंतू वाकलेला दिसतो, आणि वडील काहीच बोलत नाहीत हेही दिसतं. माझ्या कामातला सगळ्यात शांत क्षण तो. मुलीला जे कळायचं ते तिथेच कळतं.

मधुमेहाने संवेदना गेलेल्या या पायाला पायताण चावलं तरी तो तिरपा पडणार नाही. त्याच हाडावर, त्याच कोनात, दिवसभर पडत राहील.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते कुष्ठरोगाच्या कामात. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने सडतात, बोटं आपोआप झडतात, असंच तोवर समजलं जायचं. ब्रँड यांनी दाखवलं की मांस चांगलंच असतं, मेलेली असते ती संवेदना. काचेने किंवा निखाऱ्याने होणारी जखम समजू शकते. पण बऱ्याचशा जखमा नुसत्या चालण्याने होत होत्या. एका पावलाचा दाब काहीच नसतो. तोच दाब त्याच जागी दिवसाला हजारो वेळा पडला की आतली कातडी-चरबी सुजते, मग फुटते. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेले मोजे वापरून पाहिले. जिथे दाब जास्त तिथे कुप्या फुटायच्या आणि मोज्याचा रंग बदलायचा. पायाला जे सांगता येत नव्हतं ते मोजा सांगायचा.

कुष्ठरोगाच्या कामातूनच आपल्याकडे एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल रुळली. आत हवेचे बारीक बंद कप्पे असलेलं रबर, रबराचा कडकपणा मोजायच्या शोअर मापावर १५ अंशांच्या जवळपास, म्हणजे मऊ, खाली टणक तळ, मागे टाचेला पट्टा, आणि खिळा एकही नाही, कारण झिजून वर आलेला खिळा या पायाला कळत नाही. साधी, स्वस्त आणि फार विचाराने केलेली वस्तू आहे ती. मला वाईट याचं वाटतं की मधुमेहाच्या पेशंटला ती दाखवली की घरचे कुजबुजतात, "ती महारोग्याची चप्पल ना?" आणि नाकारतात. ज्या लोकांच्या पायांवर आपण हे सगळं शिकलो त्यांच्या नावाची लाज वाटावी, हे मला अजूनही सहन होत नाही.

आता मऊ गादीकडे येते. जुन्या कापसाच्या गादीवर कुशीवर झोपलात तर काय होतं आठवा. खुब्याखालचा कापूस दबून बाजूला होतो आणि हाड थेट फळीला लागतं. बाकी अंग मऊ गादीवर, खुबा फळीवर. बाजारच्या जेलमध्ये किंवा स्वस्त फोममध्ये हेच घडतं. जिथे हाड सर्वांत जास्त वर आलेलं असतं तिथे गादी सर्वांत आधी संपते. नेमकी तीच जागा वाचवायची असते. बरं, बोटाने दाबून पाहिलं तर ती छान मऊ लागते. साठ-सत्तर किलोचा माणूस टाच उचलून चवड्यावर येतो तेव्हा तिचं काय होतं ते दुकानात दिसत नाही. शिवाय जाड गादीने बुटातली जागा खाल्ली की बोटं वर चामड्याला घासतात, आणि तळव्याची जखम टळून बोटावर होते.

तळव्याला एकदा जखम होऊन गेली असेल तर बुटाच्या आतला दाब कुठेही २०० किलोपास्कलच्या वर जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे. घरगुती भाषेत, एका चौरस सेंटीमीटरवर साधारण दोन किलो. वजन तर कमी होणार नाही. मग उपाय एकच राहतो, तो भार जास्त जागेवर पसरायचा. पायाची कमान एरवी हवेत असते, तिला काम द्यायचं. चवड्याच्या हाडांच्या मागे जो मऊ भाग असतो त्याला काम द्यायचं. आणि ज्या हाडाखाली जखम झाली होती त्याचं काम काढून घ्यायचं. म्हणजे इनसोल सगळीकडे मऊ नको. कमानीखाली तो चांगला टणक लागतो, नाहीतर ती भार घेणारच नाही.

म्हणून थर करावे लागतात. खाली टणक ईव्हीए, म्हणजे रबरासारखं एक फोम, ते घासून पायाचा आकार द्यायचा. वर प्लास्टाझोट नावाचा फोम. भट्टीत १४० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की तो मेणासारखा वळतो आणि ठशावर बसवला की पायाची रेघन् रेघ उचलतो. ठसा फोमच्या डब्यात घेतलेला किंवा प्लास्टरचा. दाबाचा नकाशा काढायला आमच्याकडे शाईचा रबरी पट आहे. त्यावर पाऊल पडलं की जास्त दाबाची जागा गडद उमटते. याहून साधी युक्ती म्हणजे लिपस्टिक. घट्ट्यावर लिपस्टिक लावायची, इनसोलवर उभं करायचं, खूण उमटली की तिथे पेनाने फुली मारायची. फुलीच्या बरोबर खालचं साहित्य कोरून काढायचं आणि मऊ भरायचं.

माझी एक चूक इथेच सांगते, कारण चकरा का घालायला लावते याचं खरं उत्तर तिच्यात आहे. काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एक निवृत्त कंडक्टर काका आले, उजव्या अंगठ्याच्या मागे चवड्याखाली जखम भरलेली. चवड्याच्या हाडांना उचलून धरायला जो छोटा उंचवटा ठेवतात, मेटाटार्सल पॅड, तो हाडांच्या डोक्यांच्या अर्धा ते एक सेंटीमीटर मागे हवा. माझा पुढे सरकला, बरोबर हाडाखाली गेला. आधार व्हायचा तो खडा झाला. काकांना चालवून पाहिलं, विचारलं, "लागतंय का कुठे?" ते प्रसन्न हसून म्हणाले, "छान आहे पोरी, काहीच लागत नाही." मी त्यांचं उत्तर वहीत लिहून घेतलं आणि त्यांना जाऊ दिलं. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा त्याच जागी रक्ताळलेला फोड होता. त्या दिवशी नुकताच मी स्वतः त्या पायावर तंतू टेकवून पाहिला होता आणि लगेच त्याच पायाला विचारत होते, लागतंय का म्हणून. फोड भरायला अडीच महिने गेले. तेवढे दिवस काका घरात बसून राहिले.

तेव्हापासून मी पेशंटला विचारते, पण विश्वास कातडीवर ठेवते. पहिल्या दिवशी एक तास घाला, काढा, तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा, दिसत नसेल तर सूनबाईंना बघायला सांगा. लाली आली आणि वीस मिनिटांत गेली नाही तर तसंच या. दोन्ही तळव्यांना हाताची मागची बाजू लावून पाहा, एक जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागली तर थांबा. मोजून पाहणारे सुमारे २.२ अंश सेल्सियसचा फरक धोक्याचा धरतात. जखम दिसण्याआधी ऊब येते. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना या चकरा त्यासाठी. दुखण्याने जे आपोआप केलं असतं ते आपण तिघं-चौघं मिळून हाताने करत असतो.

त्यातच प्लास्टाझोट पायाप्रमाणे दबतो तसा दबतच राहतो. काही महिन्यांत जास्त भाराच्या जागी तो पत्र्यासारखा होतो आणि पुन्हा फुगत नाही. पायही तोच राहत नाही. संध्याकाळी सूज असते, वर्षभरात बोटं वाकडी होतात, एखाद्याची कमानच खचते.

खरोखर क्षणोक्षणी जुळवून घेणारा तळ करता येईल का? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तिथल्याच कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्चबरोबर तशी सँडल तयार केली. २०२२ च्या सुमारास ते काम पुढे आलं. तिच्या तळात छोट्या कमानींसारख्या रचना आहेत. एखाद्या ठिकाणी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दाब आला की तिथली कमान टचकन खाली उलटते, भार आजूबाजूला जातो, पाऊल उचललं की ती परत वर येते. बॅटरी नाही, सेन्सर नाही, नुसती आकाराची करामत. ही मर्यादा माणसाचं वजन, पायाचं माप आणि चाल पाहून ठरवायची. मला हे वाचून किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. चांगला पाय जे करतो, जास्त झालं की अंग काढून घेतो, ते कोणीतरी चपलेला शिकवलं होतं. आणि मऊपणा किती यापेक्षा कधी, हा प्रश्न त्यांनी धरला होता. तिथेही माप आधी घ्यावं लागतंच, हे चकरांना कंटाळलेल्यांनी लक्षात घ्यावं.

कोणताही इनसोल पायात असला तरच काम करतो. आपण उंबऱ्याबाहेर चप्पल काढणारी माणसं. काका सकाळी फिरायला जाताना माझी चप्पल घालतात आणि उरलेला दिवस स्वयंपाकघर, मोरी, देवघर असे अनवाणी फिरतात. नेदरलँड्समधल्या अभ्यासातही दिसलं होतं की लोक घरात हे बूट कमी घालतात, आणि दिवसाची जास्त पावलं घरातच पडतात. म्हणून मी आता घरासाठी वेगळा जोड करून देते, तळ स्वच्छ, रस्ता न पाहिलेला. देवघरापर्यंत चालेल का यावर बऱ्याच घरांत चर्चा होते. एका आजींनी स्वतःच निकाल दिला, त्या चप्पल घालून उंबऱ्यापर्यंत जातात आणि आत पाट टाकून बसतात. देवळाची तापलेली फरशी मात्र नको म्हणजे नको.

ते कंडक्टर काका नंतरही माझ्याकडेच येत राहिले. दोन वर्षांपूर्वी म्हणाले, वारी करायची. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे उजव्या पायाची दोनेक लाख पावलं. मी नाही म्हटलं. ते रुसले. मग आमचं असं ठरलं की वाखरीपर्यंत गाडीने जायचं आणि शेवटचा टप्पा दिंडीबरोबर पायी, बंद चपलेत, दर विसाव्याला नातवाने तळवे बघायचे. आषाढीनंतरच्या आठवड्यात ते आले. पाय आधी मी पाहिले, मग त्यांनी पिशवीतून चप्पल काढून दिली. शिलाईत अजून माती होती. टाचेखाली गडद, कमानीखाली गडद, पॅडवर गडद. अंगठ्यामागच्या त्या जागी मी मारलेली पेनाची फुली पुसली गेली नव्हती, स्पष्ट दिसत होती.

टाचेचा वरचा थर मात्र पार बसला होता. तो बदलायला गुरुवारी या, म्हटलं.