दोन्ही कानांच्या पाळ्या

त्यांनी स्कार्फ कानांवरून बांधला होता. सोडताना कापड पाळीला लागलं आणि त्या कळवळल्या. दोन्ही पाळ्या गडद जांभळ्या झालेल्या, एका ठिकाणी काळी खपली धरायला लागली होती. "कानातल्यांची रिॲक्शन आलीय हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. कानातली काढून महिना झाला होता, डाग मात्र वाढतच होते.

कानातल्यांमधल्या निकेल धातूची ॲलर्जी मला रोजची. ती खाजते, पाणी सोडते, भोकाभोवतीच घुटमळते. इथे खाज नव्हतीच, ठणका होता, आणि डाग कानाच्या वरच्या कडेपर्यंत चढलेला. मी काचपट्टी ठेवून दाबलं. नुसती लाली असती तर काचेखाली फिकी पडली असती. हा रंग हलला नाही, म्हणजे रक्त वाहिनीबाहेर आलेलं. पाय पाहिले, तर नडग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. त्यांचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

"नवीन काही औषध?"

"काही नाही."

मी पुढे लिहू लागले. चूक माझीच, प्रश्नच अपुरा होता. बायोप्सीची संमती घेताना रोजच्या गोळ्या विचारल्या, तेव्हा म्हणाल्या, "थायरॉइडची तेवढी. पण ती तीन वर्षांपासून आहे." थायरॉइडचं काम वाढलेलं, ते आवरणाऱ्या कार्बिमाझोलने अंगाला खाज सुटली म्हणून त्याच गटातलं प्रोपिलथायोयुरासिल दिलेलं.

माझा हात थांबला. पुरळ-खाज या गटातल्या गोळ्यांनी शंभरात पाचेक जणांना येते. रक्तवाहिन्यांचा दाह मात्र विरळा, आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतलेल्या गोळीनेही होतो. औषध पांढऱ्या पेशींत साठतं, तिथल्या मायलोपेरॉक्सिडेज या प्रथिनाचं रूप बदलतं आणि शरीर त्याच्यावरच उलटतं, असं मानतात. कानाच्या पाळ्या ही त्याची ओळखीची जागा.

खरी धास्ती मूत्रपिंडाची होती. लघवी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन त्याच दुपारी तपासलं. दोन्ही ठीक निघाल्यावर मला हायसं वाटलं. स्वतःच्याच पांढऱ्या पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं रक्तात शोधणारी अँका चाचणी पुढे पॉझिटिव्ह आली, बायोप्सीतही दाहच दिसला. गोळी मात्र मी त्यांच्या हार्मोनतज्ज्ञांना फोन करून पहिल्याच दिवशी बंद केली होती.

सहाव्या आठवड्यात त्या स्कार्फ न बांधता आल्या. डाग विरले होते, खपलीच्या जागी कडेला बारीकशी खाच उरली होती. थायरॉइडचा प्रश्न शिल्लकच होता. कार्बिमाझोलकडे परतण्यात धोका, म्हणून रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, ठरलं होतं. मी त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने प्रोपिलथायोयुरासिलचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.