गुलाबाचे खुंट आणि सूत्रकृमी : आठ आठवड्यांनंतर मुळं धुऊन पाहिली

मागच्या वर्षी घरामागच्या वाफ्यातले गुलाब खंगत गेले. फुलं लहान, आणि पाणी असूनही दुपारी शेंडे मान टाकायचे. शेवटी एक झाड उपटलं, तर बारीक मुळांवर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी. त्या जागी आधी ओळीने तीन वर्षं वांगी-टोमॅटो घेतले होते, तेव्हा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, तिथे आयतेच बसले होते. (मातीच्या तोंडाशी, जोडाजवळ मोठी खडबडीत गाठ येते ती वेगळी, ती जिवाणूची. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच आतून फुगलेलं असतं.)

तेव्हापासून वर कुठल्या जातीचा डोळा भरून कलम करायचं हा विचार बाजूला ठेवला आणि खुंटाच्या, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बसतं त्या खालच्या झाडाच्या, मागे लागलो. आमच्या नाशकात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. द्राक्षवाले डॉगरिज नावाच्या खुंटावर कलमं करतातच.

जुलैत तीन खुंटांच्या काड्या लावल्या: इकडचा गावठी, बिनकाट्याचा मल्टिफ्लोरा आणि एका मित्राने पाठवलेला फॉर्च्युनियाना. हा तिसरा रॉबर्ट फॉर्च्यूनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चीनहून नेलेला गुलाब. बँक्सिया आणि लेव्हिगाटा या दोन गुलाबांचा संकर मानतात. फ्लोरिडाच्या रेताड, सूत्रकृमींनी भरलेल्या जमिनीत गुलाब टिकतात ते बरेचसे याच्या मुळांवर. पण मुळं फुटायला फार वेळ घेतो. मल्टिफ्लोराच्या २० पैकी १४ काड्या लागल्या, याच्या फक्त ५.

फेब्रुवारीच्या मध्याला प्रत्येकाच्या तीन पिशव्या भरल्या. माती त्याच वाफ्यातली, वर गाठाळलेली टोमॅटोची मुळं बारीक चिरून मिसळली. एकेक जादा रोप उन्हाळभर प्लास्टिकखाली तापवून ठेवलेल्या स्वच्छ मातीत, तुलनेसाठी. उबदार मातीत सूत्रकृमीची एक पिढी साधारण २५ ते ३० दिवसांत होते, म्हणून आठ आठवडे दिले. दोन पिढ्या व्हायला हव्यात.

एप्रिलमध्ये आतेभाऊ आला होता, त्याची द्राक्षबाग आहे. पिशव्या बघून म्हणाला, "गावठी तर सगळ्यांत तरारलाय की! तोच ठेव." खरंच, गावठीचे फुटवे दीड-दीड फूट, पानं काळपट हिरवी. फॉर्च्युनियाना वीतभर. मी त्याच्यासमोरच गावठीची पिशवी फाडली आणि मुळं बादलीत हलक्या हाताने धुतली. गाठीच गाठी. तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे वरून काही कळतच नाही."

या नोंदीत सांगायचं आहे ते हेच. झाड सोसतंय आणि झाड किड्याला वाढू देत नाहीये, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोसणारा खुंट फुलं देत राहतो आणि त्याच्या मुळांवर किडे अंडी घालत राहतात. प्रतिकारक खुंटात पिल्लू मुळात शिरलं तरी तिथे त्याच्यासाठी पोसणाऱ्या मोठ्या पेशी नीट तयार होत नाहीत, मादी भरत नाही, अंडी पडत नाहीत. म्हणून फुटव्याची उंची मोजून उपयोग नाही, अंड्यांचे पुंजके मोजायला हवेत.

त्यासाठी मुळं खाण्याच्या लाल रंगाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवली, मग साध्या पाण्यात खळबळून घेतली. अंड्यांभोवतीचा चिकट पुंजका रंग धरतो. सोनाराच्या भिंगाखाली गाठीच्या कुशीला टाचणीच्या टोकाएवढा लाल थेंब दिसतो. एकदा दिसला की मग चुकत नाही. पहिला दिसला तेव्हा मी अख्खी संध्याकाळ त्या बादलीपाशी बसून होतो.

गाठींची प्रतवारी नेहमीच्या ० ते ५ मापाने केली (१ म्हणजे १-२ गाठी, २ म्हणजे ३-१०, ३ म्हणजे ११-३०, ४ म्हणजे ३१-१००, ५ म्हणजे शंभरावर). गावठी: ४, ४, ५. मल्टिफ्लोरा: ३, ४, ३. फॉर्च्युनियाना: २, १, २. त्याच्या तिन्ही पिशव्यांत मिळून १८ गाठी, त्यातल्या ६ वर लाल ठिपका. स्वच्छ मातीतली तिन्ही रोपं कोरी.

फॉर्च्युनियानाची मुळंच कमी, म्हणून गाठी कमी असं असेल का? ही शंका मलाही आली. मुळं टिपून वजन केलं. गावठीला ग्रॅममागे सुमारे ३ गाठी, फॉर्च्युनियानाला अर्धी गाठ. फरक उरतोच. पण त्या ६ ठिपक्यांमुळे मी याला प्रतिकारक म्हणणार नाही. थोडी का होईना, अंडी पडतात. शिवाय माझ्या वाफ्यातली जात कुठली हे मी तपासून घेतलेलं नाही. इन्कॉग्निटा या सूत्रकृमीच्या जातीला न जुमानणारा खुंट थंड हवेतल्या हाप्ला जातीपुढे नमू शकतो, तेव्हा थंड भागातल्या मंडळींनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

रिकाम्या झालेल्या नऊही पिशव्यांची माती तशीच ठेवली आहे, उन्हात पसरलेली नाही. प्रत्येकीत काल टोमॅटोचं एकेक रोप लावलं. सहा आठवड्यांनी ती उपटीन. कुठल्या खुंटाने मागे किती किडे ठेवले ते टोमॅटोच्या मुळांवर दिसेल.