प्लेटलेट्स वाढल्या, पण

"प्लेटलेट्स दोन लाखांवर गेल्या, सुटलो!" गोचीडतापातून उठलेल्या कुत्र्याच्या घरून आज पुन्हा तेच. सगळ्यांना तो एकच आकडा पाठ. हृदयाचं काय, असं विचारलं की 'उगाच घाबरवू नका.' म्हणजे घाबरवणारी तेवढी मीच.

गोचीडतापात बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया हा जीवाणू रक्तवाहिन्यांना सूज आणतो. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडतो, कधी तो स्नायूच सुजतो. सुजला की मधेच अवेळी ठोका पडतो. स्टेथोस्कोपमध्ये तो ऐकू येतो, पण मांडीच्या आतल्या नाडीपर्यंत पोचत नाही. म्हणून कान छातीवर आणि बोटं जांघेत, दोन्ही एकाच वेळी. मिनिटभराचं काम. तेवढंही होत नाही याचंच वाईट वाटतं. साधा ईसीजी चालतो काही मिनिटं; तेवढ्यात बिघडलेला ठोका सापडला तर नशीब, नाहीतर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगाला बांधलेला, सतत नोंद घेणारा ईसीजी. रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन) वाढलं तर स्नायूला इजा झाली एवढं कळतं. कशाने, ते नाही.

मर्मरचं, म्हणजे ठोक्यांमध्ये येणाऱ्या फुसफुस आवाजाचं, वेगळंच. रक्त कमी असलं की तो नुसताच ऐकू येतो आणि रक्त भरलं की जातो. गेला नाही तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचीच. बार्टोनेला हा जीवाणू हृदयाच्या झडपेवर बसला तर ताप नसतानाही झडप खातो, आणि कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) बहुतेकदा कोरं येतं.

सलाईनबद्दल तर बोलायलाच नको. अशक्त दिसतंय म्हणून भराभर सोडतात, दमलेल्या हृदयाला ते पेलत नाही, पाणी फुफ्फुसात उतरतं.

एर्लिकियावर डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक) दिवसाला वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम, 28 दिवस. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून वरून पाणी पाजायचंच. पण डॉक्सी जंतूंची वाढ रोखते. स्नायूला झालेली इजा ती भरून काढत नाही. हे किती वेळा...

जाऊ दे. आकडाच हवा ना लोकांना? मग हा घ्या: 30. गाढ झोपेत मिनिटाला श्वास याच्या आत हवेत. छाती वर गेली, खाली आली की एक. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा मोजायचं नाही. पुन्हा पुन्हा 30 च्या वर जात असतील तर डॉक्टर. 40 च्या वर असतील तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि ठोक्यात गडबड निघाली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत चेंडू कपाटात. यावरून घरोघरी मला शिव्या पडणार. पडू देत.